चार इंचांची सूट

आखूड मापाची इलेक्ट्रिक बेस गिटार म्हणजे नटपासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी साधारण ३० इंच असलेली बेस गिटार. नेहमीच्या बेस गिटारीत ही लांबी ३४ इंच असते. मध्ये ३२ इंचांचेही एक माप आहे. पण तीन भावंडांतल्या मधल्यासारखी त्याची चौकशी फारशी कुणी करत नाही. वाद्य घेण्यापूर्वी हे चार इंच खरेदीदाराला किरकोळ तपशील वाटतात. घेतल्यावर पुढचे कित्येक दिवस तो दुसऱ्या विषयावर बोलत नाही, आणि शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी डब्यात सापडेनाशी होते.

'आखूड' हे विशेषण मात्र जरा जपून वापरावे लागते. उभ्या डबल बेसची तार साधारण ४२ इंचांची असते. तो वाजवण्यापेक्षा नेणे-आणणे अवघड. झोपलेल्या पाहुण्याला न उठवता स्टेशनवर पोचवण्याइतके कष्ट त्याला पडतात. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' काढला आणि तारेची लांबी ३४ इंचांवर आणली. फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, असल्यामुळे बोट नेमक्या सुरावर पडते, म्हणून नाव प्रिसिजन. तेव्हा आज जिला पूर्ण लांबी म्हणतात तीच मुळात आठ इंच कापलेली आहे. त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी 'ऑडिओव्हॉक्स' या नावाने आडवा धरून वाजवायचा, पडदे असलेला विजेचा बेस तयार केला होता. त्याची तार ३० इंचांच्या जराशी पुढे. तो फारसा खपला नाही. म्हणजे घराण्यात थोरली पाती आखूड. धाकटी मागून आली आणि 'पूर्ण' कशाला म्हणायचे ते ठरवून मोकळी झाली. हा प्रकार वाद्यांपुरता मर्यादित नाही, पण तो विषय वेगळा.

१९५३ मध्ये गिब्सन कंपनीने व्हायोलिनच्या आकाराचा, साडेतीस इंची बेस काढला. त्याच्या बुडाला बाहेर ओढता येणारी एक दांडी होती. ज्यांना उभ्याने वाजवायची सवय सोडवत नाही त्यांनी ती जमिनीला टेकवून वाद्य उभे करावे, अशी सोय. जर्मनीच्या हॉफ्नर कंपनीचा '५००/१' हा ३० इंची, पोकळ अंगाचा, व्हायोलिनसारखाच दिसणारा बेस १९५६चा. १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पॉल मॅकार्टनी यांनी तो सुमारे ३० पौंडांना घेतला. ते डावखुरे, दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचे वाद्य उलटे धरले तरी वेडेविद्रे दिसत नाही, हे त्यांनी दिलेले एक कारण. हे वाद्य १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेले आणि ते मालकाकडे परतल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. नवा खरेदीदार ही हकिकत पहिल्याच आठवड्यात घरी सांगतो. चांगले वाद्य पन्नास वर्षे हरवले तरी त्याची किंमत बुडत नाही, हे त्याला त्यातून सुचवायचे असते. घरच्यांना त्यातले 'चोरीला गेले' एवढेच शब्द आशादायक वाटतात.

फेंडर कंपनीने स्वतःचा पहिला चार तारांचा आखूड बेस, 'मस्टँग', १९६६ मध्ये काढला तो विद्यार्थ्यांसाठी. तेव्हापासून या मापाला 'शिकाऊ' हा शिक्का बसला. दुकानात गेलेल्या चाळिशीच्या गृहस्थाला विक्रेता अजूनही "मुलासाठी का?" असे विचारतो, आणि गृहस्थ "हो" म्हणून टाकतो. वास्तविक 'क्रीम' या बँडचे जॅक ब्रूस साडेतीस इंची गिब्सन घेऊन त्या काळच्या सर्वांत कर्कश्श त्रिकुटात उभे असत. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांचे हात लहान, म्हणून ते आखूड मापाकडे वळले, हे ठीक. पण उंचेपुरे, लांब बोटांचे आणि डबल बेसवर हुकमत असलेले स्टॅन्ली क्लार्कही आयुष्यभर आखूड मापाचाच विजेचा बेस वाजवत आले आहेत. ही तीन नावे खरेदीदार पाठ करून ठेवतो. ती ज्यांना सांगायची असतात त्यांनी तिघांपैकी एकाचेही नाव ऐकलेले नसते, त्यामुळे वाद जिंकूनही हाती काही लागत नाही.

आखूड बेस घेणारे प्रामुख्याने दोन वयोगटांत आढळतात. पहिला गट बारा-तेरा वर्षांचा. याचा हात पुरत नाही. दुसरा चाळिशीपुढचा, याचा हात पुरतो, पण खांदा पुरत नाही. कॉलेजात असताना राहून गेलेली गोष्ट आता करायची, असा दुसऱ्या गटाचा संकल्प असतो. कॉलेजात असताना त्याला गिटार वाजवायची होती. बेस कुणालाच वाजवायचा नसतो. तो मागाहून उमगतो, दोडक्याच्या भाजीसारखा.

वाद्य खोक्यातून बाहेर येते तेव्हा पहिला ठसा लांबीचा पडत नाही, वासाचा पडतो: नवे व्हार्निश, रबर आणि आगबोटीतून आलेला पुठ्ठा. स्वस्त किमतीतली बहुतेक वाद्ये चीन किंवा इंडोनेशियात बनतात. अंगावरच्या पांढऱ्या किंवा कासवी रंगाच्या प्लास्टिकच्या पट्टीवर एक पारदर्शक पापुद्रा असतो. तो काढायचा असतो. मराठी घरात तो निघत नाही. टीव्हीचा रिमोट, फ्रिजचे हँडल आणि स्कूटरची सीट ज्या न्यायाने वर्षभर वेष्टनात राहतात त्याच न्यायाने बेसही राहतो, आणि पापुद्र्याखाली हवेचे फुगे धरून तो आपोआप निघायला लागला की "आता राहू दे" असे ठरते.

एकूण लांबी साडेतीन फुटांच्या आसपास, म्हणजे पूर्ण मापाच्या बेसपेक्षा साधारण वीतभर नाही तरी अर्ध्या वितीने कमी. कपाटाच्या मागे, पलंगाखाली, दाराच्या कोपऱ्यात, सगळीकडे हे वाद्य मावते, आणि म्हणूनच त्याला स्वतःची अशी जागा घरात कधी दिली जात नाही. वजन तीन-साडेतीन किलो. दुकानात तीन मिनिटे खांद्यावर घेतले तर काहीच वाटत नाही. घरी आरशापुढे पाऊण तास उभे राहिल्यावर तीन किलो म्हणजे बटाटे किती होतात याचा अंदाज येतो.

समतोल हा वेगळाच विषय. धड लहान आणि हलके, पण माथ्यावर चार दणकट खुंट्या मात्र पूर्ण आकाराच्या. त्यामुळे काही नमुन्यांत पट्टा गळ्यात अडकवून डावा हात सोडला की दांडी सावकाश जमिनीकडे झुकते, भर व्याख्यानात पुढच्या रांगेतले आजोबा झुकतात तशी. यावर उपाय म्हणजे खांद्यावरून न घसरणारा रुंद, खरबरीत पट्टा. सोबत फुकट मिळालेला पट्टा नायलॉनचा, गुळगुळीत आणि दांडीच्या बाजूने असतो. वाजवणाऱ्याचा डावा हात मग निम्मा वेळ सूर शोधण्यात आणि निम्मा वेळ वाद्याची मान वर धरण्यात जातो.

डाव्या हाताचा फायदा मात्र खरा आहे, आणि तो सेंटिमीटरमध्ये सांगता येतो. पहिल्या चार पडद्यांवर चार बोटे ठेवायची तर ३४ इंची बेसवर तर्जनीपासून करंगळीपर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर पंजा ताणावा लागतो. ३० इंचीवर हे अंतर साडेअकरा सेंटिमीटरांच्या आत येते. दीड सेंटिमीटर म्हणजे फार नाही. बोटाच्या पेराहूनही कमी. पण करंगळीला विचारले तर ती वेगळे सांगेल. माणसाची करंगळी जन्मापासून दुसऱ्यांच्या जिवावर जगलेली असते. तिला प्रथमच स्वतंत्र जबाबदारी मिळते ती अशी, शेवटच्या दीड सेंटिमीटरावर. (दांडीच्या रुंदीचा या लांबीशी संबंध नाही. आखूड बेसची दांडीही चांगली जाडजूड असू शकते, हे घेताना पाहिले जात नाही.)

आता या सुटीचा हिशेब कुठे चुकता होतो ते पाहायला हवे. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी आणि ताण. लांब, जाड, सैल तार खाली बोलते. आखूड, बारीक, ताठ तार वर. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर हे पिढ्यान् पिढ्या जाणतात. पुरुषी तंबोरा मोठा, बायकी तंबोरा लहान, आणि लहान तंबोरा वरच्या पट्टीत लावतात. लहान झाल्याबद्दल त्याला एवढी सवलत मिळते. आखूड बेसला ती मिळत नाही. तीस इंचांत राहूनही त्याने चौतीस इंचांइतकाच खाली जायचे असते. सगळ्यांत जाड तारेचा सूर दोन्हीकडे तोच, सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. लांबी घटवून सूर तोच ठेवायचा तर ताण सोडावा लागतो, आणि तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तीस भागिले चौतीस, त्याचा वर्ग: पूर्वीच्या ७८ टक्के. जी तार लांब बेसवर सुमारे १८ किलोंच्या ओढीने ताणलेली असते तीच आखूड बेसवर १४ किलोंवर येते. लांबीत चार इंच सूट घेतली, ताणात चार किलो गेले.

सैल तारेचे गुण पहिल्या दिवशी गुणच वाटतात. बोट दाबायला त्रास नाही, फोड उशिरा येतात, आवाज गोल आणि मऊ. दोष तिसऱ्या दिवशी कळतात. जोराने छेडली की तार क्षणभर वरच्या सुरात जाते आणि मग शरमून जागेवर येते. डाव्या बोटाने जरा जास्त दाबली, किंवा दाबताना बाजूला ओढली, तर सूर चढतो. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला हे वाद्य फार प्रेमळ आहे. पण नवा खरेदीदार हलक्या हाताने वाजवत नाही. त्याने पैसे मोजलेले असतात.

तारा जाड घेतल्या तर ताण वाढतो, हे खरे. मात्र आखूड आणि जाड तार ही तार कमी आणि सळई जास्त अशी वागू लागते. तिच्यातून निघणारे वरचे स्वर मूळ सुराशी चोख बसत नाहीत आणि आवाज लवकर विझतो. जाणकार या आवाजाला 'थंप' म्हणतात आणि तो मुद्दाम मिळवण्यासाठी घोडीपाशी स्पंजचा तुकडा खुपसतात. शेजारच्या खोलीतून तो कुणीतरी भरलेली गादी दांड्याने झोडपत असल्यासारखा ऐकू येतो. साठच्या दशकातल्या पुष्कळ प्रसिद्ध गाण्यांच्या तळाशी हीच गादी आहे.

सैल तारेचा आणखी एक परिणाम म्हणजे ती पडद्यांना घासून झणझणते. तंबोऱ्यात याच झणझणाटाला जवारी म्हणतात. ती साधावी म्हणून घोडी घासतात, तारेखाली सुताचा धागा सरकवतात, आणि जवारी चांगली लागली की ऐकणारे डोळे मिटतात. बेसमध्ये हा दोष आहे. तो घालवण्यासाठी वाद्याबरोबर दोन षटकोनी चाव्या, म्हणजे अ‍ॅलन की, दिलेल्या असतात. एक लहान, एक मोठी. पूर्वी घेतलेल्या जोडणीच्या फर्निचरबरोबर आलेल्या आणखी पाच घरात असतात, आणि संध्याकाळपर्यंत सातही एकाच वाटीत जमा होतात.

मोठी चावी दांडीच्या पोटातल्या लोखंडी सळईची. तिला ट्रस रॉड म्हणतात. चार तारा मिळून दांडीला एका बऱ्यापैकी जेवणाऱ्या माणसाच्या वजनाइतक्या ओढतात. त्या ओढीने दांडी धनुष्यासारखी वाकू नये म्हणून ही सळई उलट बाजूने जोर लावते. शिवाय लाकूड हवामान मानते. कोकणातल्या पावसाळ्यात ते फुगते. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात आकसते, आणि मग पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला किसणीसारखी लागतात. सळई एका वेळी पाव फेरा फिरवावी, मग वाट पाहावी, असा दंडक आहे. पाव फेऱ्यानंतर वाट पाहणारा खरेदीदार अद्याप आढळलेला नाही.

लहान चावी घोडीवरची. तिने तारेची उंची कमी-जास्त होते. तार खाली घेतली की बोटांना सुख, पण झणझणाट वाढतो. वर घेतली की झणझणाट जातो आणि बोटे सोलून निघतात. या दोहोंच्या मध्ये एक योग्य उंची असते. ती दर रविवारी सापडते आणि सोमवारी तिथे नसते. यानंतर पट्टी जुळवण्याचा, म्हणजे इंटोनेशनचा, प्रश्न येतो. बाराव्या पडद्यावर दाबून वाजवलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर यायला हवा. तो चढत असेल तर घोडीवरचा तारेचा टेकू मागे न्यायचा, म्हणजे तार किंचित लांब करायची. आखूड बेसच्या जाड तारेचा टेकू मागे, आणखी मागे, असा जात जात त्याची स्प्रिंग पार दाबली जाते आणि जागा संपते. ज्या वाद्याची सगळी कीर्ती चार इंच वाचवल्याबद्दल, ते अखेरीस चार मिलिमीटरांसाठी भिंतीला पाठ लावून उभे राहते.

सूर लावायला खटपट कमी आहे. चारही तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर असतात. सर्वांत जाड तार ई, हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन. तिला सा मानले तर पुढची तार शुद्ध मध्यम, त्यापुढची कोमल निषाद आणि शेवटची वरच्या सप्तकातला कोमल गंधार. घरात कुणी गाणे शिकलेले असेल तर ते या चार स्वरांत राग शोधू लागते, आणि पंचम कुठे आहे असे विचारते. पंचम पुढच्या तारेवर दोन पडदे सरकून मिळतो. बेस वाजवणाऱ्याचे निम्मे आयुष्य सा आणि पंचम यांच्यातच जाते, तंबोऱ्याचे जाते तसे. फरक इतकाच की तंबोऱ्याला कुणी "आता एखादं गाणं वाजव" असे म्हणत नाही.

ही फर्माईश मात्र बेसला चुकत नाही. नवे वाद्य पाहायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न तारांच्या संख्येबद्दल असतो: सहाच्या जागी चारच का, आणि दोन कमी असल्याने काही पैसे कमी केले का. दुसरा प्रश्न, बाकीच्या दोन नंतर बसवता येतात का. तिसरी असते ती फर्माईश. यावर खरेदीदार एका लोकप्रिय गाण्यातला बेसचा भाग वाजवतो. तो अचूक असतो. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र, पत्रावळी, द्रोण, मीठ, लिंबू सगळे वाढून झाले तरी वरण-भात न आल्यासारखा भाव असतो. वाजवणाऱ्याने मग तोंडाने गाणे म्हणून दाखवावे लागते, आणि पाहुणे जाताना "आवाज चांगला आहे तुझा" असे म्हणून जातात. 'बेस' हा शब्द या मंडळींना अपरिचित नसतो. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी तो घरोघर पोचवला आहे. पण बेस हे वाढवण्याचे बटण आहे, वाजवण्याची वस्तू नव्हे, अशी समजूत पक्की असते. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत, आणि त्या गाण्यांवर पाय हलवणाऱ्या बहुतेकांचा पाय बेसच हलवत होता, हे सांगितले की पाहुणे आपल्या पायाकडे पाहतात.

विजेला न जोडता वाजवला तर बेसचा आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्याइतका येतो. तो ऐकू यावा म्हणून खरेदीदार लाकडी अंगाला हनुवटी किंवा दात टेकवतो. हाडांतून आवाज चांगला जातो, हे शास्त्र खरे आहे, आणि या अवस्थेत घरच्यांनी त्याला पाहू नये हेही खरे आहे. पुढची पायरी म्हणजे घरातल्या जुन्या गिटारीच्या अ‍ॅम्पला जोडणे. हळू आवाजात ते चालते. मोठ्या आवाजात गिटारीचा लहान स्पीकर बेसच्या खालच्या सुरांनी इतका मागेपुढे हलतो की तो फाटू शकतो. म्हणून बेसचा वेगळा अ‍ॅम्प लागतो, ही माहिती बेस विकत घेताना कुणी देत नाही. ती दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवलेली असते.

योग्य अ‍ॅम्प आल्यावर वाद्याचा आणि घराचा खरा परिचय होतो. ४१ कंपनांच्या सुराची एक लाट हवेत आठ मीटरांहून लांब असते, म्हणजे सत्तावीस फुटांच्या घरात. दहा बाय बाराच्या खोलीत ती पुरी मावतही नाही. भिंतीला तर ती जुमानतच नाही. उंच सूर भिंतीत अडकतात, खालचे पार होतात. त्यामुळे बेसबरोबर गाणे लावून सराव केला तर शेजाऱ्यांकडे गाणे पोचत नाही, नुसता बेस पोचतो. त्यांच्या मते त्या घरात रोज संध्याकाळी सात ते आठ कुणीतरी जड कपाट सरकवते आणि जागा पसंत न पडल्याने परत आणून ठेवते.

खोलीचेही स्वतःचे सूर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल तर त्या खोलीचा पहिला सूर ५६ कंपनांच्या जवळ येतो. बेसची दुसरी तार, ए, ५५ कंपनांची. परिणामी बाकीच्या तीन तारा सभ्यपणे बोलतात आणि ए छेडली की खोली स्वतः गाऊ लागते. शोकेसची काच, स्टीलच्या मांडणीतल्या ताटल्या आणि मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या साथीला येतात. कोणते भांडे कोणत्या पडद्याला वाजते याची यादी महिनाभरात तयार होते. चहाचे गाळणे सहसा डी धरते.

या सगळ्याचा पुरावा म्हणून खरेदीदार फोनवर चित्रफीत काढतो आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो. फोनचा स्पीकर नखाएवढा. ४१ कंपनांचा सूर त्याच्या आवाक्याबाहेरचा. वरचे स्वर पोचले तर मेंदू खालच्या न ऐकलेल्या सुराची भर स्वतः घालतो, ही माणसाच्या कानाची मोठी मजेदार सोय आहे. पण आखूड बेसच्या गोल, मऊ आवाजात वरचे स्वर आधीच बेताचे असतात, त्यामुळे मेंदूच्या हाती भांडवल पडत नाही. चित्रफितीत एक माणूस गंभीर चेहऱ्याने लाकडावर बोटे आपटताना दिसतो आणि पंख्याचा आवाज स्पष्ट येतो. गटावर तीन अंगठे उमटतात. एक मावशी "ऐकू येत नाहीये" असे लिहितात. त्यांनाच नंतर "चार्जिंगला लावलीस का?" असाही प्रश्न पडतो.

तारा बदलायची वेळ दोन-चार महिन्यांनी येते. आखूड बेसच्या तारा वेगळ्या मिळतात. त्यांचा जाड वेटोळ्यांचा भाग नटच्या पुढे लवकर बारीक होतो, म्हणजे खुंटीवर नीट गुंडाळता येतो. दुकानात लांब मापाच्या तारा हटकून असतात आणि "कापून घ्या, चालतात" हा सल्ला त्यांच्याबरोबर फुकट असतो. गोल वेटोळ्यांची तार आधी काटकोनात वाकवून मगच कापायची असते. सरळ कापली तर आतल्या गाभ्यावरून वेटोळे सैल होत जाते आणि तार नवी असतानाच मरते. शिवाय जाड टोक खुंटीवर बसताना जिद्दीने उलगडते आणि हाताला टोचते. चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत तारा बोटांना सुखाच्या असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात, पण त्या महाग. एवढे पैसे घालायचे तर तेवढ्यात आणखी थोडे घालून दुसरा बेसच का घेऊ नये, असा विचार इथे प्रथम डोकावतो. तो विचार ३४ इंची बेसचा असतो.

राहिला नेण्याआणण्याचा प्रश्न. आखूड बेसच्या मापाची पिशवी सहसा मिळत नाही. गिटारीच्या पिशवीत तो चार बोटांनी बाहेर राहतो आणि चेन लागत नाही. रिक्षात बसल्यावर उघड्या तोंडातून माथ्याच्या खुंट्या बाहेर डोकावतात आणि चालकाच्या मानेला लागतात. बेसची म्हणून जी पिशवी मिळते ती ३४ इंचीच्या बेताने शिवलेली. तिच्यात वाद्य खालीवर सरकते, आणि जिना चढताना प्रत्येक पायरीला बुडाशी आदळते. वाचवलेले चार इंच शेवटी सापडतात ते तिथे, पिशवीच्या तळाशी, आणि त्यात जुन्या पंच्याची घडी घालून ठेवतात.